उन्हानं चिकटवलेले मणी

चिमे, माझ्या बाळा,

तुला जाऊन वर्ष होत आलं, पण लिहायला हात धजत नव्हता. आज लिहितोय, कारण परवा तुझ्या तान्ह्या भावाचा रिपोर्ट आला. त्यालाही तुझाच आजार आहे.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. म्हणाल्या, आपल्या पेशीपेशीत एक बारीक धागा असतो, त्यात मणी ओवलेले. त्या मण्यांच्या क्रमावर शरीर चालतं. उन्हात न दिसणारा किरण असतो, अतिनील. तो पडला की शेजारचे दोन मणी एकमेकांना घट्ट चिकटतात. थायमिन म्हणतात त्यांना. माझ्या रापलेल्या कातडीतही रोज चिकटतात गं! पण माझं शरीर तेवढा तुकडा कापून नवा ओवतं. तुझ्या शरीरात ती दुरुस्तीच नव्हती.

म्हणून एवढ्याशा नाकावर ती कर्करोगाची गाठ! आणि आम्ही म्हणायचो, पोरीच्या तोंडावर किती गोड तीळ आलेत.

तुझी आई माझी लेक, बाप माझ्या बहिणीचा पोरगा. घरातली सोयरीक. लेक नजरेसमोर राहील म्हणून सगळेच खूष होतो. दोघांतही तोच दोष लपलेला. तुम्हा भावंडांत दोन्हीकडून येऊन तो जुळला. आता बोल कुणाला लावू?

आजार कळल्यावर तुला घरात कोंडलं, पण तू तरी काय कमी चोरटी होतीस! माझा डोळा लागला की अंगणात. लाल डोळे चोळत परत यायचीस आणि वर मलाच विचारायचीस, "आबा, शाळा रात्रीची कावून नसती?"

आज सकाळी तुझ्या आजीनं, माझ्या बहिणीनं, बाळाला तेल चोळलं आणि कोवळ्या उन्हात न्यायला निघाली. तुलाही तिनं असंच रोज शेकलं होतं. मायेनंच.

मी दारात आडवा उभा राहिलो.

"सरक दादा! लेकरू काय कोंबडीचं पिल्लू हाय व्हय, डालग्याखाली झाकाया?"

"चिमीला कुटं झाकलं व्हतं तू?"

ती बाळाला घेऊन आत वळली. लई वाईट लागलं तिला. पण शब्द मागे घेतला नाही मी.

आणि बाळ? दार जरा किलकिलं झालं की तिकडंच मान वळवतो. उजेड दिसला की खुदकन हसतो गं!

ते दार मीच लावीन, चिमे. रोज. तो रडेल, मोठा झाला की मला वैरी म्हणेल. म्हणू दे. ऊन त्याच्याशी निर्दय होण्याआधी मीच होईन, हा तुला शब्द.

तुझा, आणि आता त्याचाही,
आबा