मोजणीत एक मुका

मंगळवार, ३ मार्च
वीस तारखेपर्यंत तोंड बंद! डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षं ओरडलात, आता सतरा दिवस गप्प बसा. नाहीतर कायमचे बसाल." कुजबूजही नाही. कुजबुजीने म्हणे जास्त ताण पडतो.
ताईने वही आणि पेन्सिल आणून दिली. "बासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं तू मध्ये न तोडता ऐकणार," म्हणाली, आणि लगेच सुरू झाली.
वीसलाच सुनावणी. ओस पडलेली प्रार्थनास्थळं पाडून तिथे वाचनालय, नाट्यगृह, अभ्यासिका. ही मागणी माझी, तीस वर्षांपूर्वीची. पालिकेने पत्रकावर माझं जुनं वाक्यच छापलंय — "जिथे दहा माणसं जमत नाहीत, तिथे देवाला विश्रांती द्या आणि पुस्तकांना जागा द्या!" तेव्हा मैदान टाळ्यांनी दणाणलं होतं. आज वाचलं तर वाटलं, कोण हा माणूस? दमत नव्हता का?

बुधवार, ४ मार्च
घरात बसणं अशक्य. सकाळपासून सात जण तब्येत विचारून गेले. मी वहीत लिहायचं, त्यांनी चष्मा शोधायचा!
दोन वाजता पळ काढला. मंडईमागचं जुनं प्रार्थनागृह सुनावणीच्या यादीत पहिलं आहे. पडझड डोळ्यांनी पाहून ठेवावी, भाषणात कामाला येईल, म्हणून गेलो. ज्यांनी ते बांधलं ते लोक हे शहर कधीच सोडून गेले. आत थंडगार. भिंतींना ओल, एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. माणूस एकच — किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेली साठीची बाई, एक लांब बाक ढकलत होती. मला काहीतरी विचारलं. मी मफलरवर बोट ठेवून हात हलवला.
"मुके आहात होय? बसा, बसा. इथे बोलायला लागतं कुणाला!"
हसू आलं. या शहरात मला मुका म्हणणारी पहिली व्यक्ती!
टिपणं काढायची राहिली. तास कसा गेला कळलं नाही.

शुक्रवार, ६ मार्च
काल आणि आज पुन्हा गेलो. टिपणांसाठी.
टिपणं काढली नाहीत.

सोमवार, ९ मार्च
ती रोज बाकं का ढकलते, ते कोडं उलगडलं. इथे तीन पंथांचे लोक येतात, एकामागून एक. सकाळवाले उगवतीकडे तोंड करून बसतात. बारावाले जमिनीवर, म्हणून बाकं भिंतीला. संध्याकाळवाल्यांना खिडकीकडे तोंड हवं. चौदा बाकं, रोज तीनदा हलवायची, आणि हलवणारी ती एकटी. दुपारच्या पाळीत अर्धी बाकं झाली की दमते आणि पायरीवर बसते. त्यामुळे दोन ते चार बाकं धड कुणाच्याच देवाकडे नसतात, वेडीवाकडी उभी असतात. मी त्या वेळचा.
आज एका टोकाला हात लावला. "कंबर सांभाळा हो," म्हणाली. दोघांनी मिळून सात बाकं फिरवली. भाषणानंतर यायचा तसा घाम आला. टाळ्या नाहीत, हार नाहीत. बरं वाटलं.
इथे देव आहे असं मला वाटत नाही. तीन पंथांना मिळून एक देव पुरतो का, हाही माझा प्रश्न नाही. पण चाळीस वर्षांत अशी खोली सापडली नव्हती जिथे माझ्याकडून कुणाला काहीच ऐकायचं नाही.

बुधवार, ११ मार्च
पावणेतीनला पालिकेचा कारकून आला. काखेत फाईल, कपाळावर आठ्या. शहरातल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाची एकेकदा मोजणी चालू आहे म्हणे. या वेळी माणसं कुठून असणार! ती त्याला सांगत होती — सकाळी या, संध्याकाळी या, मंडईतले हमाल येतात, मोठ्या वास्तूंपर्यंत पाय न चालणारी म्हातारी माणसं येतात. तो म्हणाला, "मावशी, ते सगळे आपापल्या मोठ्या वास्तूत नोंदलेले आहेत. एक माणूस दोनदा कसा मोजू? फक्त या वास्तूचं कोण, ते सांगा."
ती माझ्याकडे बोट करून काहीतरी पुटपुटली. त्याने मान उंचावून पाहिलं. मी मफलर नाकापर्यंत ओढला. या वयात चोरासारखा!

गुरुवार, १२ मार्च
गेलो नाही. दिवस सरता सरेना.

शनिवार, १४ मार्च
छापखानेवाला आला. माझं प्रत्येक पत्रक यानेच छापलं, चळवळीत पहिल्या दिवसापासून बरोबर. मोजणीचा अहवाल छापायला त्याच्याकडेच आलाय. खूश होता. मोठ्याने वाचून दाखवलं — "मंडईमागील प्रार्थनागृह. स्वतःचे उपासक : एक. शेरा : वृद्ध, मुका, रोज येतो."
"एक मुका!" मांडीवर थाप मारून हसला. "भक्त मुका, देव बहिरा. बरं जमलंय जोडपं!"
मीही हसलो. आवाज नसला की हसू नुसतं खांद्यांत येतं. कसं दिसलं असेल कोण जाणे.
मग म्हणाला, "एकच मेख आहे बघ. नियमात लिहिलंय — नोंदीतला उपासक सुनावणीला स्वतः हजर राहून 'मी नियमित येतो' म्हणाला, तर वास्तू पाडता येत नाही. वर्षभर, तिन्ही वेळची मोजणी करावी लागते. पण मुका बोलणार काय, कपाळ! तू दहा मिनिटं बोल, काम फत्ते."
वहीत लिहिलं, 'ठीक.' पेन्सिलीचं टोक मोडलं.

मंगळवार, १७ मार्च
वाटलं, आज ती विचारेल. नियम तिलाही कळला असणार, नोटीस दारावरच चिकटवलीय. येता का सुनावणीला? — एवढंच. मी मान हलवून 'नाही' म्हटलं असतं आणि सुटलो असतो.
विचारलंच नाही. "तिकडून धरा," एवढंच म्हणाली.
पायऱ्या उतरताना पन्नाशीतला एक हमाल खाली हात टेकून बसलेला. "अजून वेळ आहे होय?" तासभर आधीच येऊन बसला होता. कशासाठी? मला कळत नाही. कळत नाही ते पाडा म्हणत आलो, हे मात्र आज कळलं.

गुरुवार, १९ मार्च
घसा बरा. बोलायची परवानगी एक दिवस आधीच. पहिला शब्द काय बोललो? "चहा."
भाषण लिहायला बसलो. जुनीच वाक्यं हात जोडून रांगेत उभी राहिली. सगळी खरी आहेत. या शहरात वाचनालय हवंच आहे, मुलं जिन्यांवर बसून अभ्यास करतात. तरी एकाही वाक्यात जीव येईना.
ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "रोज दोनला जातोस कुठे ते विचारत नाही. पण परत येतोस तेव्हा माणसात असतोस."

शुक्रवार, २० मार्च
पालिकेचं सभागृह खच्चून भरलेलं. छापखानेवाला पहिल्या रांगेत, माझी जागा राखून. अध्यक्षबाईंनी नोंद वाचली. "उपासक एक, वृद्ध, मुका. हजर आहेत का?"
हशा.
किल्लीवालीला उभं केलं. "कोण हे गृहस्थ? नाव, पत्ता?" तिने सभागृहावरून नजर फिरवली. माझ्यावरून गेली, थांबली नाही. मफलर नव्हता, सभेचा कोट होता — ओळखलं नसणार. म्हणाली, "ठाऊक नाही बाई. येतात, बसतात, जातात."
मग माझं नाव पुकारलं. टाळ्या! खिशात चार पानं. मंचावर चढलो. समोर सगळे तसेच, चाळीस वर्षांपूर्वी होते तसे. मान वर, तोंड अर्धं उघडं.
म्हणालो, "तो मुका मी. नियमित येतो."
आवाज घोगरा, फाटका. आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण. कारकून अर्ज घेऊन आला, "साहेब, उपासना कोणाची? रकाना रिकामा चालत नाही."
"देवाला मी मानत नाही."
"मग काय लिहू?"
"लिहा — बसतो."
त्याने लिहिलं. मी सही केली.

शनिवार, २१ मार्च
छापखानेवाला दारातूनच बोलला. "चाळीस वर्षं पाण्यात घातलीस. माझीही." उत्तर होतं माझ्याकडे, चांगलं लांबलचक. दिलं नाही. ताई म्हणाली, "आत ये, चहा घे," तर गेला. जिन्यावर त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. हा माणूस परत येईल असं वाटत नाही.

सोमवार, २३ मार्च
दोनला गेलो. बाकं अर्धी फिरवलेली, ती पायरीवर. पहिल्यांदाच तिच्याशी बोललो. "माफ करा. मुका नाही मी. तुम्हाला फसवलं."
जुडग्यातली एक किल्ली पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "चार वाजता इथे बाकं असतात, त्या वेळच्या मैदानी सभा सोडल्या, तर तुमची एकही चुकवलेली नाही मी. आलात त्याच दिवशी ओळखलं."
"मग कारकुनाला मुका का सांगितलंत? शुक्रवारी का नाही दाखवून दिलंत? वास्तू गेली असती!"
"गेली असती," म्हणाली. "पण नाव सांगितलं असतं, तर तुम्हाला परत इथे यायला तोंड राहिलं नसतं."