मिरच्यांवर टाकलेली गोधडी

अहो,

दोन्ही नातवंडांना घेऊन मी अमळनेरला अक्काकडे चालले आहे. रविवारपर्यंत येणार नाही. फोन करू नका, उचलणार नाही.

कळण्याच्या भाकरी टोपल्यात आहेत, ठेचा खलबत्त्यातच आहे. उद्या नळ येईल, टाकी भरून ठेवा. तुमच्या मिरच्यांना काय पाजायचं ते पाजा.

या उन्हात रोपं माना टाकतात, ते मलाही दिसतं. पण मोरीजवळ चार रिकामी पोती पडलेली असताना तुम्ही माझी गोधडी भिजवून रोपांवर टाकलीत. आणि वर म्हणालात, “जुन्या लुगड्यांचीच तर आहे.” सुट्टी लागल्यापासून पोरं चित्रं काढत होती आणि मी ती कापडात कापून एकेक गोधडीवर टाचत होते. लाल लुगडं रंग सोडतं, म्हणून महिनाभर तिला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. आता सगळ्या चित्रांवर लाल ओघळ आले आहेत. ओजस रडून मोकळा झाला. भूमिका रडली नाही, पण सकाळपासून जेवलीही नाही.

गोधडी दोरीवर वाळते आहे. धुवायला जाऊ नका, होतं तेवढं पुरे झालं.

मधल्या चौकोनात भूमिकानं तुम्हाला काढलं होतं, हातात झारी घेऊन रोपांना पाणी घालताना. टाकण्याआधी एकदा उलगडून पाहिली असती, तर निदान स्वतःला तरी ओळखलं असतं.

कोकिळा