सात नद्यांपलीकडची शाळा

ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय कोराली,

तू ह्यूस्टनला नीट पोचलीस हे तुझ्या आईने कळवलं, तरी तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता रोज फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी बोलायला लागलो की दोन मिनिटांत तू या म्हाताऱ्या आजोबाला "पेपेर, आधी श्वास घे" म्हणतेस, आणि श्वास घेता घेता काय सांगत होतो तेच मी विसरतो. कागद मध्ये बोलत नाही. चुका मात्र काढत बसू नकोस. सहावीत होतो तेव्हा कोळंबीचा हंगाम आला, बापाला डेकवर दोन हात कमी पडत होते, आणि माझी शाळा सुटली. मलाही फारसं वाईट वाटलं नाही. वर्गात फ्रेंच बोललं की बाई पट्टी मारायच्या, आणि मला तेव्हा दुसरी भाषाच येत नव्हती.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस नाही. जिन्याची तिसरी पायरी मी ठोकून घेतली, तू यायच्या आत सुतार बघून जाणार आहे, कारण माझ्या ठोकण्यावर माझाच विश्वास नाही. तुझ्या मांजरीने दोन दिवस खाल्लं नाही, मग माझ्या ताटातला मासा खाल्ला. आईकडे जेवतेस ना? रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबून आल्यावर नादीन घरी काय शिजवत असेल, देव जाणे. तिला सांग, गम्बोच्या रश्श्याचं पीठ भाजताना फोन हातात घेऊ नकोस, ते करपतं.

तू गेल्यापासून माझ्या डोक्यात शाळांशिवाय दुसरं काही नाही. दोन्ही शाळा परीक्षा घेऊन मुलं निवडतात आणि दोन्हींनी तुला घेतलं, हे मी अजून गॅसवाल्यालासुद्धा सांगतो. शहरातली मॅग्नेट शाळा पन्नास मिनिटांवर. पहाटे पाच-चाळीसची बस, संध्याकाळी घरी, रात्री आपल्या पलंगावर. आणि दुसरी ती वरची, उत्तरेकडची, राज्य सरकारची, पाच तासांवर. तिथेच राहायचं, तिथेच खायचं, महिन्यातून एकदा घरी. तुझी निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मिस लिरेट स्वतः गाडी काढून आल्या होत्या. तू आत होतीस. मला म्हणाल्या, "मिस्टर ओव्हिद, बावीस वर्षं गणित शिकवते आहे. हिला मी शिकवायचं ते संपलं. आता हिच्या मागे धावेल असा कुणीतरी हवा, आणि तो तिकडे आहे." मी त्यांना कॉफी दिली आणि विचारलं, तिकडे चक्रीवादळ आलं तर मुलांना कोण आणतं? त्या हसल्या. "तिकडे वादळ पोचेपर्यंत नुसता पाऊस उरतो हो. आणायची वेळ आली तर तिलाच तुम्हाला न्यायला यावं लागेल."

मिस लिरेटना वाटतं की तुझी हुशारी त्यांच्या वर्गात दिसली. मला ती धक्क्यावर दिसली. तू अकरा वर्षांची होतीस. खांबाला शिंप्याची टेप खिळ्यांनी ठोकलीस, तुझ्या आजीची, मेमेरची, आणि ती कशी ओरडली होती! चौदा महिने रोज पाणी मोजलंस. मग एका संध्याकाळी वही घेऊन आलीस आणि म्हणालीस, "पेपेर, छापलेलं कोष्टक चुकीचं आहे. आपल्याकडे भरती चाळीस मिनिटं उशिरा येते." मी म्हटलं, ते मला आधीपासून माहीत आहे. तू रागावलीस. "मग सांगितलं का नाहीस?" पण मला चाळीस हे कुठे माहीत होतं? पाणी उशिरा येतं एवढंच माझ्या पायांना कळत होतं. आता धक्क्यावरचे सगळे तुझे आकडे धरून बोटी सोडतात. तो म्हातारा दुप्लांतीसुद्धा, ज्याने माझा सल्ला एकदाही मानला नाही.

मेमेर गेल्यापासून या घरात मी आणि तू. तू शाळेत असतेस तेव्हाही मी दोन कप काढतो. असो.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. जानेवारीत वरच्या शाळेच्या मुलाखतीचं पत्र आलं, त्या संध्याकाळी तू माझ्याजवळ बसून जाळं शिवत होतीस. येत्या ऑगस्टमध्ये तुला सोळा पूर्ण झाली की माझ्याकडच्या प्रार्थना तुला द्यायच्या, हे आपलं ठरलेलं. कुणाला ऊन लागलं, बाळाला दात येताना ताप आला, चामखीळ झाली, की लोक आपल्या जिन्यापाशी येतात आणि मी त्या म्हणतो. मला माझ्या आजीने एकोणिसाव्या वर्षी दिल्या. पुरुषाने बाईला द्यायच्या, बाईने पुरुषाला, थोरल्याने धाकट्याला, आणि दिल्या की देणाऱ्याकडे त्या राहत नाहीत. तू विचारलंस, "मग मी तिकडे शिकायला गेले तर चालेल ना?" आणि मी जाळ्यावरून मान वर न करता म्हणालो, की प्रार्थना ज्याच्याजवळ आहेत त्याने वाहतं पाणी ओलांडून झोपू नये.

तू हसलीस. मग उठून नकाशा आणलास आणि बोटाने मोजत वर गेलीस. "इथून तिथे सात नद्या आहेत, पेपेर." मी जाळ्याची पुढची गाठ मारली. बस, एवढंच झालं. मार्चमध्ये तू सांगितलंस की शहरातलीच शाळा बरी, तिथली प्रयोगशाळा नवी आहे. प्रयोगशाळा नवी नाही, कोराली. मिस लिरेटना मी विचारलं आहे. तुला खोटं बोलायला जमत नाही, तुझे कान लाल होतात.

खोटं मला जमतं, असं दिसतं. माझ्या आजीने असं कधीच सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं ते एवढंच, की खाडीपलीकडून कुणी बोलावलं तर आपण पाणी ओलांडून उपचाराला जायचं नाही, आजाऱ्याने आपल्याकडे यायचं. झोपण्याबद्दल एक शब्द नाही, शाळेबद्दल तर नाहीच. ते मी जागच्या जागी बनवलं. का बनवलं ते मला विचारू नकोस. तुला कळलेलं असणार. प्रार्थनांवर तुझा विश्वास नाही, हेही मला ठाऊक आहे. तुझा माझ्यावर आहे, आणि मी तोच वापरला.

गुड फ्रायडेला लुर्लीन तिच्याकडचे उकडलेले खेकडे घेऊन आली. शाळेच्या उपाहारगृहात भांडी घासते ती, तुझ्या ताटात नेहमी जास्त भात वाढणारी. तिला सगळं सांगितलं. आधी तिने मला झापलं. "नॉन्क, काका म्हणते मी तुम्हाला, लाज नाही वाटली? पोरीला देवाच्या नावाने दोरी बांधलीत!" मग बराच वेळ खेकडे सोलले. मग म्हणाली, "त्या मला द्या. मी कुठे चालले आहे? माझे गुडघे मला चर्चपर्यंतसुद्धा नीट नेत नाहीत." दुपारी तीन वाजता, ओसरीवर, मी तिला तिन्ही प्रार्थना दिल्या. तिने एकदाच ऐकून पाठ म्हटल्या. आता त्या माझ्याजवळ नाहीत. तुला द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

त्यांचा पहिला उपयोग माझ्यावरच झाला. शनिवारी टोपी न घालता डेकवर बसलो आणि ऊन लागलं. लुर्लीन आली, कपाळावर हात ठेवला, पुटपुटली. झाल्यावर मी सवयीने म्हणालो, "थँक यू, लुर्लीन." सत्तावन्न वर्षं जिन्यावर आलेल्या प्रत्येकाला मी बजावत आलो की आभार मानायचे नाहीत, मानले की गुण जातो. कपाळावर दुसऱ्याचा हात असण्याची मला सवयच नव्हती. लुर्लीन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "झालं! घ्या आता, बसा डोकं धरून." रविवारच्या जेवणापर्यंत डोकं दुखत होतं.

आता हे पत्र कशासाठी ते. जाताना तू टेबलावर फॉर्म ठेवलास, शहरातल्या शाळेच्या चौकोनात खूण केलेला, मी सही करून पोस्टात टाकायचा म्हणून. गुरुवारी तू फोनवर विचारलंस, टाकला का, आणि मी हो म्हणालो. टाकलेला नाही. तो या पाकिटात आहे. मिस लिरेटकडून मी कोरा फॉर्म छापून आणला, तोही सोबत आहे. खाली पालकाच्या जागी माझी सही आहे, वरचे दोन्ही चौकोन रिकामे आहेत. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत पोचायला हवा, तेव्हा या शनिवारच्या आत टाक, आतल्या दुसऱ्या पाकिटावर तिकीट मी लावलं आहे. खूण कुठे करायची ते मला विचारू नकोस, माझा चेहरा आठवून तर मुळीच करू नकोस. शहरातली घेतलीस तर पहाटे पाचला कॉफी तयार असेल. वरची घेतलीस तर ऑगस्टमध्ये ट्रकने मी येईन सोडायला, ब्रेक दाखवून आणले आहेत. सही पेनाने केली आहे. उद्या सकाळी माझा धीर सुटला, तरी ती खोडता येणार नाही.

तुझाच,
पेपेर