ताई हो म्हणाली

मंगळवार, ४ मार्च

आज टिल्लूचं विमान माझ्याकडे होतं. सहा फूट उंच, विमानभर माणसं घेऊन उडतो, तरी माझ्या लेखी टिल्लूच! टॉवरच्या काचेतून खाली तो दिसला की अजूनही वाटतं, नाक पुसलंय ना यानं?

नियम असा की भाऊ असो नाहीतर बाप, रेडिओवर फक्त विमानाचा नंबर आणि इंग्रजी. पण आज जाता जाता पठ्ठ्यानं घुसडलंच – 'ताई, जेवलीस का?' शेजारच्या खुर्चीवर रिपीटकाका. उतरणारी-उडणारी विमानं त्यांच्याकडे, जमिनीवर चालणारी माझ्याकडे. वैमानिकानं सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवली नाही, की काका 'रिपीट' म्हणतात. म्हणून हे नाव. घरी काकूंनाही सोडत नाहीत म्हणे. काकांनी डोळे वटारले. मी तोंड गंभीर केलं, पण आत हसू मावेना.

गुरुवार, ६ मार्च

जेवले होते. सांगायचं राहिलं.

शुक्रवार, ७ मार्च

जमेल तसं लिहिते.

सकाळची गर्दी. सगळ्यांना आत्ताच जायचं असतं. टिल्लू धावपट्टीच्या कडेला येऊन उभा. विचारलं, ओलांडू का? तिकडून एक मोठं विमान उतरायला आलेलं. मी म्हणाले, 'होल्ड पोझिशन.' म्हणजे आहेस तिथेच थांब. बटण सोडलं, तर कानात दुसराच कुणी वैमानिक बोलतोय. माझ्याच वेळी त्यानंही बटण दाबलेलं! दोघांनी एकदम दाबलं की ऐकणाऱ्याला नुसतं चिर्रर्र ऐकू येतं, कुणाचंच काही कळत नाही. त्या दुसऱ्याला गप्प करून टिल्लूला पुन्हा सांगणार, तेवढ्यात त्याच्या विमानाचं नाक हललं.

मी ओरडले – 'टिल्लू, थांब!' मराठीत. नियम गेले खड्ड्यात.

तो थांबला. नाक धावपट्टीवर आलेलं. काकांनी आवाज जराही न चढवता उतरणाऱ्या विमानाला परत वर पाठवलं. ते टिल्लूच्या डोक्यावरून गेलं. फार उंचावरून नाही.

काकांनी मला पाणी दिलं. ग्लासावर दात वाजत होते. त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटलेली होती, ते मी नंतर पाहिलं.

शनिवार, ८ मार्च

टिल्लूला आणि मला, दोघांनाही घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत एकमेकांशी या विषयावर चकार शब्द नाही, अशी ताकीद.

आईचा फोन. 'तुम्ही दोघं भांडलात का गं?' म्हटलं, नाही. 'मग तो का जेवत नाहीये?'

लायसन्स गेलं तर त्याचं काय होईल? त्याला दुसरं काही येतच नाही. चहासुद्धा धड येत नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज टेप ऐकवली. चौकशीच्या बाई शांत आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग तोच शोधत बसतात. माझ्या माइकच्या टेपवर 'होल्ड पोझिशन' स्वच्छ. वाटलं, आता संपलंच टिल्लूचं. मी सुटणार आणि तो बुडणार!

मग बाईंनी दुसरी लावली. मैदानात एक वेगळा सेट आहे, तो हवेतलं जसंच्या तसं टिपतो. त्यावर माझा आवाज – 'हो' – आणि लगेच चिर्रर्र. 'ल्ड'चा पत्ता नाही.

मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, बाई, आमच्या भाषेत 'हो' म्हणजे यस! त्यानं विचारलं, ओलांडू का? आणि ताईचा आवाज म्हणाला – हो!

बाईंना चष्मा सापडला. त्यांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या वैमानिकाच्या बाबतीत हे झालंच नसतं. आम्हा दोघांच्याच बाबतीत व्हायचं होतं.

बुधवार, १२ मार्च

ताकीद मोडली. राहवेना. टिल्लूला फोन केला.

म्हटलं, एकच विचारते. तुला 'हो' ऐकू आलं होतं का? म्हणाला, 'हो.'

जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग उद्या बाईंसमोर तेच सांग.

गुरुवार, १३ मार्च

त्यानं तेच सांगितलं.

रविवार, १६ मार्च

घरात बसून करायचं काय? कपाट आवरलं. आमचा जुना फोटो निघाला. माझ्या सायकलवर टिल्लू, आणि मी मागे धरून पळतेय. सायकल माझी, पण कधी बसायला मिळाली ते आठवत नाही.

लहानपणापासून त्याची एक युक्ती ठरलेली. आईकडे जायचंच नाही, ती नाही म्हणेल. सरळ ताईकडे. खिडकीची जागा, माझ्या ताटातला शेवटचा घास, परीक्षेच्या आदल्या दिवशी सिनेमा – त्यानं मागायचा अवकाश! विमान शिकायचं म्हणाला तेव्हा घरात सगळे अंगावर धावून आले, आईनं तर अंथरूणच धरलं. मी हो म्हटलं आणि मग एकेकाला वळवत बसले. आई म्हणते, पोराला डोक्यावर बसवलं ते तूच. बसवलं तर बसवलं. डोकं माझं आहे.

गुरुवार, २० मार्च

सुटलो! दोघंही!

निष्कर्ष – शब्द अर्धा कापला गेला, भाषेमुळे उलटा अर्थ लागला. सूचना परत म्हणून न दाखवताच विमान हलवलं म्हणून टिल्लूला समज. तोंडी, तीही सौम्य. सोमवारपासून दोघं कामावर. टॉवरचे साहेब तर खुशीत आहेत, 'होल्ड'बद्दल परिपत्रक काढणार आहेत. काकांनी मात्र विचारलं, 'पण त्यानं रिपीट का नाही केलं?' म्हटलं, काका, आता पुरे.

शनिवार, २२ मार्च

आईकडे जेवायला. आईनं सगळं त्याच्या आवडीचं केलेलं, माझ्या आवडीचं म्हणजे पाणी. टिल्लू तीन माणसांचं जेवला. आई बघत बसली होती. इतकं बरं वाटत होतं आज!

जेवणानंतर मी भांडी विसळत होते. तो मागून आला, खांद्यावर हनुवटी टेकवली. लहानपणी टाचा उंच कराव्या लागायच्या त्याला, आता वाकावं लागतं. म्हणाला, 'ताई, तू पण काय डोकं लावलंस गं. हो आणि होल्ड! मला तर सुचलंच नसतं.'

म्हटलं, सुचायचं काय त्यात? तू ऐकलंस ना?

'कसलं ऐकलं. नुसतं चिर्रर्र. शेजारी को-पायलट विचारत होती, काय म्हणाल्या त्या? मी म्हटलं, अगं, ताई आहे माझी. हो म्हणाली असणार. ती मला कधी नाही म्हणतच नाही.'

आई बाहेरून हसली. 'खरंय बाई ते.'

मीही हसले. त्याच्या गालाला साबणाचा हात लावला. त्यानं तो बाहीनं पुसला आणि आईजवळ जाऊन बसला. नळ तसाच वाहत होता.

किती मायेनं बोलला तो. आयुष्यात मला कुणी इतकं चांगलं म्हटलं नसेल. आणि त्याच मायेनं तो विमानभर माणसं घेऊन धावपट्टीवर चढला. काहीही ऐकू आलं नसताना. पुन्हा चढेल. का नाही चढणार? सोमवारी टॉवरमध्ये मीच असणार आहे.

त्या दिवशी फोनवर तो 'हो' म्हणाला, तेसुद्धा मी विचारलं म्हणूनच. मीच त्याच्या तोंडात घातलं.

रविवार, २३ मार्च

त्याला फोन केला. म्हटलं, उद्या कामावर चढायच्या आधी बाईंना खरं काय ते सांग. ताकीद मोडून फोन मी केला होता, हे मी सांगेन. हसला. मग हसायचा थांबला. 'ताई, लायसन्स जाईल गं माझं. राहू दे ना. हो म्हण ना, ताई.'

नाही म्हणाले.

पलीकडे काहीच आवाज नाही. ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा म्हणाले.