दाजी, तुम्ही 'सांभाळलेली' बीएसए

मखमलाबाद, नाशिक
बुधवार

ती. जयराम दाजी यांस,

मखमलाबादहून वाल्मीकचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार तुम्ही सिंधुताईचे यजमान आहात म्हणून. तुमच्या कर्तबगारीला वेगळा नमस्कार पुढे येतोच आहे.) इकडे आई बरी आहे, उज्वला (माझ्याशी लग्न करूनही) बरी आहे, झेंडू बरा आहे, माझा उजवा पाय बरा नाही. तुमचा गुडघा कसा आहे? ताईची शुगर? निकिताच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या बरगडीचं काय झालं तेही कळवावं. फोनच केला असता, पण गाडीचं नाव काढलं की तुम्हाला रेंज जाते आणि मला मात्र तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या स्वच्छ ऐकू येतात. म्हणून हे पत्र कळवणच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. त्याला तुम्ही "आवाज येत नाही" म्हणू शकणार नाही.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे बाबा, मागे आई आणि आईच्या मांडीवर फुलांची पाटी अशी वर्षानुवर्षं मार्केटला गेलेली ती इंग्रजी बीएसए मोटरसायकल गोठ्यात उभी होती. तुम्ही म्हणालात, इथे तिच्याकडे कोण बघणार, मी कळवणला नेतो, सांभाळतो. आम्ही विश्वास ठेवला. (तुम्ही जावई. जावयावर विश्वास ठेवला नाही तर ठेवायचा कुणावर, असं आईचं म्हणणं. माझं म्हणणं तेव्हाही वेगळं होतं, पण मला विचारतो कोण.) आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी निघाली आणि आईनं पहिली मागणी केली, "ह्यांची गाडी दिसू दे मला एकदा. एक चक्कर मारू दे." तुम्ही उदार मनानं टेम्पो भरून दिलात आणि निरोप पाठवलात की फक्त पुसून घे, एका किकला चालू होते.

दाजी, किक होती कुठे? टेम्पोवाल्यानं आधी गाडी उतरवली, मग एक गोणी उतरवली आणि म्हणाला, ही पण गाडीच आहे. हेडलाइट नाही, किकचा दांडा नाही, कार्बोरेटरच्या जागी मक्याचं कणीस खुपसलेलं. सीटच्या स्प्रिंगांमध्ये कोंबडीनं अंडं घातलेलं होतं आणि ते कळवणपासून न फुटता आलं. त्या गाडीवर धड असलेली तेवढी एकच वस्तू. आईनं गाडीभोवती फेरी मारली, टाकीवर हात फिरवला आणि आत जाऊन बसली. नवीन डोळ्यांनी पहिल्यांदा हे पाहायचं होतं तिनं! त्या दिवशी तुम्ही समोर असता तर मी नातं विसरलो असतो.

मग मी कामाला लागलो. या गाडीचे नट आपल्या पान्यांना ऐकत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं, सांगितलं नाहीत. बाराचा पाना बसत नाही, तेराचा फिरतो. इंचाचे पाने आणले, तेही फिरले, कारण हे जुने इंग्रजी आटे, त्यांचा इंचसुद्धा आपल्या इंचाशी सोयरीक करत नाही. पेठ रोडचा मंगळू मिस्तरी म्हणाला, भाऊ, काळजी नको, हातोडा असला की सगळं बसतं. त्यानं खरंच सगळं बसवलं. ते काढायला मला त्याच्या दुप्पट वेळ लागला. पुढे एका ठिकाणी त्यानं बुलेटचा बोल्ट मारून आटेच कापले आणि वर मलाच म्हणाला की इंग्रजांनी भोक चुकीचं पाडलंय. मी त्याला हाकलला. जाताना हातोडा विसरला, तो मी परत केलेला नाही, करणारही नाही.

कार्बोरेटरसाठी भद्रकालीतला जुना बाजार पालथा घातला. मालेगावला जाऊन आलो. शेवटी पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं फोनवर माझी अशी चौकशी केली की आपल्या ताईच्या वेळी तुमचीसुद्धा आम्ही केली नव्हती (तिथेच चुकलं). इंजिनाचा नंबर कोणता, सांगाड्याचा कोणता, साल कोणतं, घराणं कोणतं. पार्सल आलं, मी हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. लावायला गेलो तर दोन भोकांमधलं अंतर बोटभर कमी. व्यापारी म्हणतो, तो तुमच्या गाडीच्या धाकट्या बहिणीचा आहे.

आणि मग निकिताचा साखरपुडा. मी आनंदानं आलो होतो दाजी, देवाशपथ. तुमच्या फाटकाशी आलो, कडी सरकवली आणि हातात काय आलं? किकचा दांडा! तुम्ही त्याची कडी केलीत! गोठ्याच्या दारावर हेडलाइट, आत पिवळा बल्ब. बैठकीत खिडकीपाशी आमंत्रणपत्रिका उडू नयेत म्हणून ठेवलेला, बाबांचा कार्बोरेटर. मी मालेगाव हिंडतो, पुण्यापुढे हात जोडतो, आणि तो इथे पत्रिकांवर बसलाय! मी तोंड उघडलं तर ताईनं दंडाला चिमटा काढला, "गप बस, सोयरे आलेत." तुम्ही वर शांतपणे मला समजावलंत, "अरे वाल्मीक, वस्तू वापरात राहिली तर टिकती. नुसती ठेवली तर गंजून जाती." तुमच्या हातात पेढा होता म्हणून वाचलात.

होय, कार्बोरेटर मी उचलला. सदऱ्याच्या आत, पोटाशी. चोरी म्हणायची तर म्हणा. व्याही गळाभेटीला येतील हे मला काय माहीत? माणूस प्रेमळ आहे, जोरात मिठी मारतात. त्यांच्या बरगडीला जे टोचलं ते पिस्तूल नव्हतं, हे कृपया त्यांना समजावून सांगा. त्यानंतर ते माझ्याशी फार अदबीनं बोलत होते. दांडा मी जेवणं चालू असताना काढला. फाटकाला सुतळी बांधून आलो आहे, म्हशी बाहेर गेल्या असल्यास माझा नाइलाज होता.

घरी आणून सगळं बसवलं. किक मारली, आणि दांड्यानं उलटी लाथ अशी घातली की मी शेवंतीच्या वाफ्यात. हँडलवरचा ठिणगी मागेपुढे करणारा छोटा खटका आधी मागे घ्यायचा असतो, हेही तुम्ही सांगितलं नाहीत. शेवटी उज्वलानं तो खटका सरकवला, मी लंगडत पुन्हा मारली, आणि दाजी, ती बोलली. तोच धप धप आवाज. आई चुलीवरचा तवा तसाच टाकून धावत आली आणि डोळ्याला पदर लावून उभी राहिली. मी पण जरा इकडेतिकडे बघितलं. धूर होता.

तेव्हा आता तुमच्याकडे राहिलेला हेडलाइट ताबडतोब पाठवावा. तुम्ही माझ्या वडिलांच्या गाडीचे जे हाल केलेत ते मी विसरणार नाही आणि गाडी पुन्हा तुमच्या हाती देणार नाही. ताईला नमस्कार, निकिताला आशीर्वाद.

आपला (नाइलाजानं),
वाल्मीक

ता. क. - हेडलाइट पाठवू नका, स्वतः घेऊन या. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. काल थांबायला म्हणून मी उजवा पाय दाबला तर ती गिअर बदलून शेजारच्या टोमॅटोत शिरली. बांधणीच्या तारा मी पाठीवर घेऊन बाहेर आलो. आईनं ते पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "तुझ्या मागं मी नाय बसायची. जयरामला बोलीव. ह्यांनी त्याला शिकवली व्हती, लय गुणानं चालवायचा." हे वाक्य लिहिताना माझ्या जिवाचं काय झालं असेल याची कल्पना करा.

ता. क. २ - तिची चक्कर झाली की मला मळ्यामागच्या रस्त्यावर शिकवा. ताईला सांगू नका. उद्याच्या पहिल्या एसटीनं निघालात तर बरं होईल, कारण कंडक्टर तुम्हाला घेऊन येतो असं मी आईला सांगितलं आणि ती आत्तापासूनच इरकली नेसून, मांडीवर फुलांची पाटी घेऊन, अंगणात स्टँडवर लावलेल्या बाबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसली आहे. उतरायला तयार नाही.