यादी क्रमांक नऊ आणि पेनामावशींचे निलंबन

प्रति,
मा. विभागप्रमुख,
शालेय भोजन विभाग, नगरपालिका, दोल्नी ब्रेग.

विषय: स्वयंपाकीण श्रीमती पेना द्रागीएवा यांचे निलंबन रद्द करण्याबाबत.
संदर्भ: आपला आदेश क्र. ११७, दि. १९ मार्च २०१९.

महोदय,

अर्जदार झोर्नित्सा वेलेवा ही रसायनशास्त्राची पदवीधर असून येथील भाषा विद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. संदर्भीय आदेशाने शाळेच्या स्वयंपाकीण पेनामावशी यांना किळसवाणे सूप वाढल्याबद्दल निलंबित केले आहे. २९ मार्चपर्यंत खुलासा मान्य झाला नाही तर बावीस वर्षांची त्यांची नोकरी जाईल. हा आदेश एका गृहपाठावरून निघालेला आहे.

१. इंग्रजीच्या शिक्षिका काल्चेवा बाई दहावीच्या वर्गाला दर सोमवारी वीस अवघड इंग्रजी शब्द देतात. शब्द नुसते पाठ न करता वापरावेत हा त्यांचा आग्रह अर्जदाराला पटतो. ११ मार्चची यादी क्रमांक नऊ ही किळस या विषयावर होती. वीसही शब्द वापरून खऱ्या कार्यालयाला तक्रार लिहायची आणि ती खरोखर पाठवायची, असा गृहपाठ होता.

२. ल्युबेन तोतेव या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशीच्या घेवड्याच्या सूपाविरुद्ध लिहिले. यादीतले वीसही शब्द तक्रारीत यादीच्याच क्रमाने येतात. असे योगायोगाने घडण्याची शक्यता अर्जदाराने मोजली: एका एकोणीस अंकी संख्येत एक.

३. आपल्या कार्यालयात इंग्रजी वाचणारे कोणी नसल्याने ती तक्रार भाषांतरासाठी काल्चेवा बाईंकडेच आली. आदल्याच दिवशी त्यांनी तिला सहापैकी सहा गुण दिले होते. त्यांनी काटेकोर भाषांतर करून दिले. अर्जदाराने विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे भाषांतर मागितलं, मत नाही. आणि पोरानं एकही शब्द चुकीचा वापरलेला नाही, एवढं तरी मान्य कर."

४. सूपाचा नमुना नियमाप्रमाणे अठ्ठेचाळीस तास शीतपेटीत होता. तो कोणीही उघडला नाही. आदेश निघाला तेव्हा तो टाकून पाच दिवस झाले होते. त्यामुळे सूप निर्दोष होते असे अर्जदार तपासणीच्या आधारे म्हणू शकत नाही. ते सदोष होते असेही कोणी म्हणू शकत नाही.

५. ल्युबेनचा लेखी जबाब सोबत आहे. त्याने ते सूप दोनदा मागून घेतले होते. मग असे का लिहिलेस, यावर त्याचे उत्तर: "बसबद्दल लिहून बघितलं, बाई. अकराच शब्द बसले." मावशींची माफी माग, असे सांगितल्यावर म्हणाला, "सोमवारी कृतज्ञतेची यादी आहे. तेव्हा एकदमच लिहिलं तर?" तो उद्धटपणे बोलत नव्हता. गुणांच्या हिशेबाने त्याला ते खरोखरच सोयीचे वाटत होते. अर्जदाराला तिथे थांबवेना.

६. आदेशात ते वीसही शब्द भाषांतर करून छापले आहेत. पेनामावशी तो कागद ओट्यावर ठेवून रोज घरची भांडी व्हिनेगरने घासत आहेत. म्हणाल्या, "इतक्या शिकलेल्या माणसांनी लिहिलंय गं. वास येतच असेल. आपल्याला सवयीनं कळत नसेल." घासून घासून त्यांच्या बोटांची साले निघाली आहेत. या अर्जात यादी क्रमांक नऊमधला एखादा शब्द कुठे लागू होत असेल, तर तो सूपाला होत नाही.

तरी सदर निलंबन २९ मार्चपूर्वी रद्द करावे आणि तसे पेनामावशींना त्यांना वाचता येईल अशा भाषेत कळवावे. येत्या आठवड्यात त्यांची स्तुती करणारे इंग्रजी पत्र आपल्याकडे येण्याचा संभव आहे. त्यात वीस शब्द असतील. कृपया तेही पुरावा म्हणून धरू नये.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
झोर्नित्सा वेलेवा
दि. २१ मार्च २०१९

सोबत:
(१) यादी क्रमांक नऊ.
(२) ल्युबेनच्या वहीचे पान, गुणांसह.
(३) ल्युबेनचा जबाब.

टीप: सोबत क्र. १ व २ इंग्रजीत आहेत. भाषांतरासाठी कृपया काल्चेवा बाईंकडे पाठवू नयेत.