ड्रमातला पिवळा रंग

कळमनुरी, मंगळवार, १२ मार्च २००२

रफीकभाईच्या ढाब्याला कोंबडी भाजायची भट्टी करून दिली. फवारणीच्या औषधाचा जुना ड्रम. असल्या ड्रमात आधी कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवून तीनदा जाळावं लागतं, आतला पिवळा रंग पार झडेस्तोवर. मी एकदाच जाळलं. काहून? कंटाळा, दुसरं काय. तळाशी पिवळा रंग तसाच होता. मी पाहिला होता.

"बराबर जाळला ना, दादा?" त्यानं विचारलं.

"व्हय," म्हणालो.

संध्याकाळी पहिली कोंबडी त्यानं माझ्याच पुढं ठेवली. मी म्हणालो, "आज मंगळवार हाय, उपास हाय माझा." गेल्या मंगळवारी त्याच्याच खाटेवर बसून मटण खाल्लं होतं मी! त्यानं "मग लेकरांला न्या," म्हणून पुडी बांधून दिली.

पुढच्या वळणावर ती पुडी मी नाल्यात फेकली. तो पिवळा रंग माझ्या लेकरांच्या तोंडी नको म्हणून.

वळून पाहिलं. ढाब्यावर एक बाई आपल्या पोरीला घास भरवून राहिली होती.

मी सायकल हाणत घरी आलो.